प्रेमाची चार नावे : ग्रीक आणि ख्रिस्ती विचारांचा एक परिचय



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी संस्कृत शिकलो. त्यांची एक सवय त्यांच्या सर्वच विद्यार्थ्यांना आठवत असेल. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते लगेच अर्थ सांगत नसत. 'हा शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाला उद्देशून आहे, ते आधी सांग,' असे म्हणत. 'स्नेह' या शब्दाचा अर्थ तेलही होतो, हे त्यांनीच आम्हाला प्रथम सांगितले. ज्याने घर्षण कमी होते तो स्नेह, असे ते हसत हसत म्हणत. पुढे मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला, थोडेफार ग्रीकही शिकलो. त्या वाचनात सरांची ही सवय मला फार उपयोगी पडली. आजचा विषय निवडताना तिचेच ऋण मनात होते.

ऋणाचे आणखी एक कारण आहे. ते सरांच्या आयुष्यातील एका प्रसंगाशी जोडलेले आहे. तो प्रसंग मी शेवटी सांगणार आहे. त्याला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न माझ्या मनात पन्नासहून अधिक वर्षे आहे, आणि त्या उत्तरासाठीच मी हे सारे वाचले, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे प्रेम, प्रीती, स्नेह, माया, ममता, लोभ, जिव्हाळा, वात्सल्य, सख्य असे कितीतरी शब्द आहेत. आई मुलावर माया करते, पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहितो. या शब्दांची अदलाबदल केली तर वाक्य बिघडते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ग्रीक भाषेतही असेच होते. इरॉस, फिलिया, स्टॉर्गे आणि अगापे हे त्यातले चार प्रमुख शब्द होत. या चार शब्दांचा प्रवास पाहणे म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांच्या युरोपीय विचाराचा एक महत्त्वाचा धागा पाहणे होय.

इरॉस : उणिवेचे अपत्य

इरॉस म्हणजे ओढ. मुख्यतः स्त्री-पुरुषांमधील, आणि ग्रीक समाजात पुरुषा-पुरुषांमधीलही, उत्कट आकर्षणासाठी हा शब्द वापरला जाई. हेसिअड या प्राचीन कवीने विश्वोत्पत्तीची कथा सांगताना इरॉसला अगदी आरंभीच्या देवतांमध्ये स्थान दिले आहे. म्हणजे जग निर्माण व्हायला, वस्तू एकमेकींजवळ यायला, ही ओढ आधी असावी लागते, अशी ती कल्पना होती.

या शब्दाला तत्त्वज्ञानात मानाचे स्थान दिले ते प्लेटोने. त्याच्या 'सिम्पोझियम' या संवादाचे नाव आपण 'पानगोष्ठी' असे करू शकतो. आगाथॉन नावाच्या नाटककाराला इसवी सनपूर्व ४१६ मध्ये शोकांतिकेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्याच्या घरी मित्र जमले आणि प्रत्येकाने इरॉसची स्तुती करावी असे ठरले. या भाषणांपैकी दोन भाषणे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनीसचे. त्याच्या कथेनुसार माणसे मुळात जोडशरीराची होती. त्यांचा उद्दामपणा वाढला म्हणून झ्यूसने प्रत्येकाचे दोन तुकडे केले. तेव्हापासून प्रत्येक तुकडा आपल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा शोध घेत फिरतो आणि त्या शोधालाच आपण इरॉस म्हणतो.

दुसरे भाषण सॉक्रेटिसचे. आपण हे डायोटिमा नावाच्या एका विदुषीकडून शिकलो, असे तो सांगतो. तिच्या मते इरॉस हा देव नव्हे. देव आणि मर्त्य यांच्या मधला तो एक संचारी आहे. पोरोस म्हणजे साधनसंपन्नता हा त्याचा पिता, आणि पेनिया म्हणजे दैन्य ही त्याची माता. अॅफ्रोडायटीच्या जन्मोत्सवाच्या दिवशी त्याचा गर्भ राहिला. म्हणून तो सदा भुकेला, अनवाणी, दारात झोपणारा. पण त्याच वेळी सुंदराच्या मागे लागणारा, युक्तिबाज आणि चिवट असा आहे. या रूपकाचा अर्थ स्पष्ट आहे. जे आपल्याजवळ नाही त्याचीच ओढ लागते. ज्याला काहीच उणे नाही त्याला इरॉस होणार नाही.

पण डायोटिमा येथे थांबत नाही. ती एक शिडी उभी करते. पहिल्या पायरीवर माणूस एका सुंदर देहाकडे ओढला जातो. मग त्याला कळते की सर्व सुंदर देहांतील सौंदर्य एकाच जातीचे आहे. पुढे देहापेक्षा आत्म्याचे सौंदर्य श्रेष्ठ वाटू लागते. नंतर चांगले कायदे आणि चांगल्या चालीरीती यांचे सौंदर्य, त्यानंतर विद्यांचे सौंदर्य, आणि शेवटी ज्याला जन्म नाही, क्षय नाही, असे सौंदर्याचे मूळ रूपच दिसते. लक्षात घ्या, प्लेटोने वासनेचा निषेध करून ज्ञानाचा मार्ग सांगितलेला नाही. जी ओढ तरुणाला एका चेहऱ्याकडे नेते तीच वळण मिळाल्यास सत्याकडे नेते, असे तो म्हणतो. यात एक अडचण मात्र आहे. वरच्या पायरीवर पोहोचल्यावर पहिल्या पायरीवरच्या त्या माणसाचे काय? तो शिडीची एक पायरी होऊनच राहतो. हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

फिलिया : एकत्र खाल्लेले मीठ

प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटल (इसवी सनपूर्व ३८४ ते ३२२) याला शिडीपेक्षा अंगण अधिक जवळचे. त्याच्या 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यांपैकी आठवा आणि नववा असे पूर्ण दोन भाग त्याने फिलिया या विषयाला दिले आहेत. न्यायाच्या वाट्याला एकच भाग आला आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

फिलियाचे भाषांतर आपण 'मैत्री' असे करतो, पण ग्रीक शब्दाचा आवाका मोठा आहे. आईबाप आणि मुले, पतिपत्नी, सहप्रवासी, एकाच नगराचे नागरिक या सर्वांमधील बांधिलकी त्यात येते. अॅरिस्टॉटल तिचे तीन प्रकार करतो. पहिली उपयोगासाठी, दुसरी सुखासाठी, आणि तिसरी सद्गुणासाठी जडलेली. उपयोग संपला की पहिली संपते, गोडी संपली की दुसरी. तिसऱ्या प्रकारात मात्र मित्राचे भले मित्रासाठीच इच्छिले जाते. अशी मैत्री दुर्मीळ असते, तिला वेळ लागतो. एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, या अर्थाची त्या काळची एक म्हण तो येथे आठवतो. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला हा दाखला परका वाटू नये.

मित्र म्हणजे आपलेच दुसरे रूप, अशी अॅरिस्टॉटलची प्रसिद्ध कल्पना आहे. पण आजच्या विवेचनासाठी त्याची तीन निरीक्षणे मला अधिक महत्त्वाची वाटतात.

पहिले असे की नगरे एकत्र धरून ठेवण्याचे काम फिलिया करते, आणि म्हणून शहाणे कायदेकर्ते न्यायापेक्षाही तिची अधिक काळजी घेतात. जेथे माणसे मित्र असतात तेथे न्यायाची गरज कमी भासते. पण माणसे केवळ न्यायी असली तरी मैत्रीची गरज उरतेच.

दुसरे असे की फार मोठे अंतर पडले तर मैत्री टिकत नाही. मनुष्य आणि देव यांच्यात इतके अंतर आहे की त्यांच्यात मैत्री संभवत नाही. अॅरिस्टॉटलचा ईश्वर विश्वाला गती देतो तो प्रेमाचा विषय म्हणून. सर्व जग त्याच्याकडे ओढले जाते, पण तो स्वतः कोणाकडे ओढला जात नाही.

तिसरे निरीक्षण मैत्री तुटण्याविषयीचे आहे. मित्र बदलला, वाईट मार्गाला लागला, किंवा दोघांपैकी एक पुढे गेला आणि दुसरा तेथेच राहिला, तर काय करावे? सुधारण्याची आशा असेल तोवर मदत करावी, असे अॅरिस्टॉटल सांगतो. मैत्री सोडावी लागली तरी तो माणूस जणू कधी भेटलाच नव्हता असे वागू नये. गतकाळच्या सहवासाची काही आठवण ठेवावी, तिच्यासाठी काही राखून ठेवावे, असे त्याचे मत आहे. हा छोटासा परिच्छेद मी अनेकदा वाचला आहे.

स्टॉर्गे : घरातली माया

तिसरा शब्द स्टॉर्गे. मुख्यतः आईबाप आणि अपत्ये यांच्यातील नैसर्गिक मायेसाठी तो येतो. पशुपक्ष्यांच्या पिलांवरील मायेसाठीही येतो. तत्त्वज्ञांनी या शब्दावर फारसे लिहिले नाही, कदाचित तो इतका जवळचा होता म्हणून. अॅरिस्टॉटलही आईच्या प्रेमाची चर्चा फिलियाच्याच प्रकरणात करतो. काही माता आपली मुले दुसरीकडे वाढवायला देतात. मुले त्यांना ओळखत नाहीत, तरी मुलांचे बरे चालले आहे एवढे पाहून त्या समाधानी असतात. प्रेम मिळण्यापेक्षा प्रेम करण्यात मैत्रीचे सार आहे, याचा पुरावा म्हणून तो या मातांकडे बोट दाखवतो.

पुढे प्लुटार्कने अपत्यांवरील मायेविषयी एक स्वतंत्र निबंध लिहिला. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या टिपणांत फ्राँटो या गुरूकडून शिकलेली एक गोष्ट नोंदवतो. उच्चकुलीन म्हणवणाऱ्या लोकांत ही माया बहुधा कमीच असते, ही ती गोष्ट. या मायेसाठी रोमन लोकांच्या भाषेत शब्दच नाही, अशी तक्रार फ्राँटोने एका पत्रातही केली आहे. शब्द नसला की भावनाही विरळ होत जाते की भावना विरळ झाल्यामुळे शब्द उरत नाही, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकांनी विचारात घेण्यासारखा आहे.

अगापे : एका साध्या शब्दाचे भाग्य

चौथा शब्द अगापे. आज तो सर्वांत अधिक चर्चिला जातो, पण ग्रीक साहित्यात त्याचे नाम जवळजवळ आढळत नाही. त्याचे क्रियापद मात्र नेहमीच्या वापरात होते, आणि त्याचा अर्थ होता आवडणे, जपणे, समाधान मानणे. असा हा सौम्य, काहीसा फिका शब्द.

त्याचे भाग्य उजळले ते भाषांतरामुळे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. आरंभ इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत झाला. 'सेप्टुअजिंट' या नावाने ते ओळखले जाते. हिब्रू भाषेत प्रेमासाठी मुख्यतः एकच व्यापक शब्द होता. देवावरचे प्रेम, शेजाऱ्यावरचे प्रेम, पतिपत्नींचे प्रेम सारे त्यात येई. भाषांतरकारांनी त्यासाठी बहुतेक ठिकाणी अगापे आणि त्याचे क्रियापद वापरले. 'गीतरत्न' या शृंगारगीतांच्या ग्रंथातही तोच शब्द आला. इतकेच काय, दावीद राजाचा पुत्र अम्नोन याच्या अत्याचारी वासनेसाठीही तोच वापरला गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अगापे हा शब्द जन्मतःच पवित्र होता, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. पावित्र्य शब्दात नव्हते. त्याला ते पुढच्या वापराने आले.

ख्रिस्ताच्या शिष्यांनी पहिल्या शतकात ग्रीक भाषेत जे ग्रंथ लिहिले त्यांचा संग्रह म्हणजे नवा करार. त्यात इरॉस हा शब्द एकदाही येत नाही. स्टॉर्गे त्याच रूपात येत नाही. मात्र मायाशून्य माणसांचा निषेध करताना आणि बंधुप्रेमाचा उपदेश करताना त्यापासून बनलेले शब्द येतात. फिलियाची क्रियापदे आणि साधिते येतात. आणि अगापे सर्वत्र येतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर परमेश्वराचे स्वरूपच या शब्दाने सांगितले आहे. अॅरिस्टॉटलचा देव प्रेमाचा विषय होता. येथे देव प्रेम करणारा आहे, आणि तोही आधी प्रेम करणारा. ग्रीक विचाराच्या दृष्टीने हे उलटे वाहणारे पाणी होते.

पौलाने करिंथ येथील मंडळीला इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय अगापेचे स्तोत्र म्हणून प्रसिद्ध आहे. विवाहसमारंभात तो नेहमी वाचला जातो. पण तो लिहिला गेला भांडणाऱ्या लोकांसाठी. करिंथच्या मंडळीत गट पडले होते. कोणी पौलाचे, कोणी अपोल्लोचे, कोणी पेत्राचे म्हणवत. सहभोजनात श्रीमंत आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत. एकमेकांवर फिर्यादी चालू होत्या. त्यांना पौल अगापेचे वर्णन करून सांगतो, आणि ते वर्णन ग्रीकमध्ये बहुतांशी क्रियापदांनी केलेले आहे. ती काय करते आणि काय करत नाही, एवढेच तो सांगतो. तिला काय वाटते, याविषयी त्याचे म्हणणे फार थोडे आहे. सहन करणे, हेवा न करणे, फुशारकी न मारणे, अपकारांचा हिशेब न ठेवणे अशी ही कामांची यादी आहे.

आणि येथेच शेजारी कोण, हा प्रश्न येतो. लूकच्या शुभवर्तमानात एक धर्मशास्त्री येशूला हा प्रश्न विचारतो. उत्तरादाखल येशू एक कथा सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. एक याजक आला, पाहून पुढे गेला. एक लेवी आला, तोही गेला. मग एक शमरोनी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि खर्चासाठी दोन दिनार दिले.

ही कथा कळायची तर शमरोनी कोण हे कळले पाहिजे. ज्यू आणि शमरोनी हे दूरदेशीचे लोक नव्हते. त्यांचे प्रदेश एकमेकांना लागून होते. मोशेचे पाच ग्रंथ दोघांनाही मान्य होते. वाद होता तो उपासनेचे खरे स्थान कोणते, गरीझीम डोंगर की यरुशलेम, याचा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ज्यूंच्या एका राज्यकर्त्याने गरीझीमवरचे मंदिर पाडले होते, आणि ती जखम ओली होती. सीमेला सीमा लागलेल्या, पुष्कळसे समान असलेल्या माणसांमधील वैर किती तिखट असते, हे बेळगावच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. कथा संपल्यावर येशू मूळ प्रश्न फिरवून विचारतो. शेजारी कोणाला मानावे, हे बाजूला राहते, आणि जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, एवढेच उरते. शेजारी असणे हा नकाशाचा प्रश्न आहे, शेजारी होणे हा आचरणाचा.

भेद आणि जोड

आता एक सावधगिरीची सूचना. हे चार शब्द चार बंद पेट्यांसारखे आहेत, असे मानू नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू पेत्राला तीन वेळा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पहिल्या दोन प्रश्नांत अगापेचे क्रियापद आहे, तिसऱ्यात फिलियाचे. पेत्राची तिन्ही उत्तरे फिलियाच्या क्रियापदात आहेत. पेत्र वरच्या प्रतीच्या प्रेमाचे वचन देऊ शकला नाही, म्हणून येशू खाली उतरला, अशी सुंदर प्रवचने यावर झाली आहेत. पण पित्याचे पुत्रावरील प्रेम सांगताना याच ग्रंथात एकदा एक क्रियापद येते आणि एकदा दुसरे. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक येथे केवळ शैलीचा पालट मानतात. अर्थ शब्दात शोधायचा की प्रसंगात, असा हा प्रश्न आहे. प्रसंग असा की विस्तवाजवळ उभे राहून ज्याने तीनदा नाकारले होते, त्याला पुन्हा विस्तवाजवळच तीनदा विचारले जाते. सरांची सवय येथे आठवते : कोणाच्या तोंडी आहे, कोणाला उद्देशून आहे.

पुढच्या ख्रिस्ती विचाराचा इतिहास हा या शब्दांच्या भेदाचा आणि जोडणीचा इतिहास आहे. संत ऑगस्टीन (इसवी सन ३५४ ते ४३०) याने प्रेमांच्या क्रमावर भर दिला. माणूस प्रेमावाचून राहूच शकत नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या गोष्टीवर किती प्रेम करावे. दोन प्रेमांतून दोन नगरे उभी राहतात, स्वतःवरच्या प्रेमातून एक आणि ईश्वरावरच्या प्रेमातून दुसरे, असा त्याचा सिद्धांत आहे. बाराव्या शतकात एल्रेड या इंग्लंडमधील मठाधिपतीने आध्यात्मिक मैत्रीवर ग्रंथ लिहून फिलियाला मठाच्या भिंतीआड मानाची जागा दिली.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) याने सर्वांत धाडसी जोड दिली. लॅटिनमध्ये अगापेसाठी 'कारितास' हा शब्द रूढ झाला होता. कारितास म्हणजे मनुष्याची ईश्वराशी मैत्रीच होय, असे अक्वायनसने प्रतिपादन केले. ज्या अॅरिस्टॉटलला तो गुरुस्थानी मानत होता, त्यानेच ही मैत्री अशक्य ठरवली होती. अक्वायनसचे उत्तर असे की ते अंतर मनुष्य ओलांडू शकत नाही हे खरे, पण ईश्वर ओलांडू शकतो. मग एक आक्षेप तो स्वतःच उभा करतो. मैत्री परस्परांत असते. शत्रूवर प्रेम करा म्हणता, तर शत्रूशी मैत्री कशी संभवेल? त्याने दिलेले उत्तर घरगुती आहे. आपले एखाद्यावर फार प्रेम असले की त्याच्यासाठी आपण त्याच्या मुलांवर, त्याच्या माणसांवरही प्रेम करतो, मग ती माणसे आपल्याशी वाईट वागली तरी. हे उत्तर कृपया लक्षात ठेवा.

विसाव्या शतकात स्वीडनमधील लूथरपंथी धर्मशास्त्री अँडर्स नायग्रेन याने १९३० आणि १९३६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही जोड पुन्हा सोडवली. त्याच्या मते इरॉस खालून वर जातो, मोल पाहून ओढला जातो. अगापे वरून खाली येते, मोल पाहत नाही, तर मोल निर्माण करते. दोघांचे मिश्रण म्हणजे ख्रिस्ती विचाराचा ऱ्हास. या मांडणीचा प्रभाव मोठा होता आणि तिला विरोधही तितकाच झाला. ब्रिटिश लेखक सी. एस. लुइस याने १९६० च्या 'द फोर लव्हज' या पुस्तकात चारही प्रेमांना आपापली जागा दिली. आज आपण चार प्रेमे असे जे सहज म्हणतो, त्यामागे या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात इरॉस आणि अगापे यांना पूर्णपणे वेगळे करता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. केवळ देत राहणारा माणूस एक दिवस कोरडा पडतो. देण्यासाठी घ्यावेही लागते. अलीकडच्या लोकप्रिय पुस्तकांत प्रेमाचे सहा, सात, आठ ग्रीक प्रकार सांगितलेले आढळतात. त्यांचा मोठा भाग प्राचीन नाही. जॉन अॅलन ली या कॅनडातील संशोधकाने १९७३ साली केलेल्या वर्गीकरणातून तो आला आहे, आणि त्यातला 'लुडस' हा शब्द तर ग्रीक नसून लॅटिन आहे.

या शब्दांचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५० च्या दशकात आपल्या भाषणांतून इरॉस, फिलिया आणि अगापे यांतील भेद पुन्हा पुन्हा समजावून सांगितला. ज्यांनी आपल्या घरावर बॉम्ब टाकले ते आपल्याला आवडले पाहिजेत, असे कोणी म्हणत नाही. पण न आवडणाऱ्याचेही भले इच्छिता येते, आणि त्याच वेळी त्याच्या अन्यायाला विरोधही करता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९५९ साली गांधीजींच्या या देशाला भेट देण्यासाठी ते मुद्दाम आले होते.

आपल्या मराठीतही भाषांतरकारांना हा प्रश्न पडलाच असणार. मराठी बायबलात अगापेसाठी मुख्यतः 'प्रीती' हा शब्द रूढ झाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून थेट मुळातून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या कोकणी भाषिकांच्या प्रार्थनेत त्याच ठिकाणी 'मोग' येतो. प्रियकराचाही मोग आणि देवाचाही मोग. सेप्टुअजिंटच्या भाषांतरकारांनी असेच केले होते.

तो प्रसंग

आता सुरुवातीला दिलेले वचन पाळतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, हे आपण जाणता. त्यापूर्वीपासून सरांचे एक मित्र होते. ते दुसऱ्या एका शाळेत कन्नड शिकवत. दोघे रोज संध्याकाळी किल्ल्याजवळच्या तलावापर्यंत फिरायला जात. कालिदास दोघांचाही. एकाने श्लोक म्हणावा, दुसऱ्याने आपल्या भाषेत अर्थ सांगावा, असा त्यांचा खेळ असे. एकमेकांच्या घरचे मीठ त्यांनी भरपूर खाल्ले होते.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, सीमाप्रश्नावरून गावातले वातावरण तापलेले होते. एका सभेनंतर त्या दोघांत काही बोलणे झाले. काय झाले ते आम्हा मुलांना कळले नाही. फिरणे बंद झाले. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघेही मान खाली घालून जात. सरांची मते ठाम होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाहीत.

त्याच वर्षी सरांच्या घरी आम्ही पाचसहा मुले संध्याकाळी संस्कृतसाठी जात असू. आमच्यात एक मुलगी होती, त्याच कन्नड शिक्षकांची. तिचीही परीक्षा त्याच वर्षी होती. भांडणानंतर ती यायची बंद झाली. चौथ्या दिवशी सरांनी मला बोलावले आणि तिचे राहिलेले धडे लिहिलेला कागद हातात देऊन तिच्या घरी पाठवले. खाली एकच ओळ होती, उद्यापासून वेळेवर येणे. ती दुसऱ्या दिवशी आली आणि वर्षअखेरपर्यंत येत राहिली. परत जाताना अंधार होई, म्हणून सर आमच्यापैकी दोघांना तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत धाडत. तिच्या वडिलांशी मात्र ते बोलत नव्हते.

मी एकदा धीर करून विचारले, 'सर, तुम्ही तर त्यांच्याशी बोलत नाही.' सर वही तपासत होते. मान वर न करता म्हणाले, 'भांडण आमचे आहे, परीक्षा तिची आहे.'

याला काय म्हणावे? मी अनेक वर्षे याला अगापे म्हणत आलो. विरोधकाचे भले इच्छिणे, अपकारांचा हिशेब न ठेवणे. पण सरांनी हिशेब ठेवला होता, त्यांना राग होता, आणि तो खरा होता. मग मला अॅरिस्टॉटलचा तो परिच्छेद सापडला. तुटलेल्या मैत्रीसाठीही काही राखून ठेवावे. आणि त्यानंतर अक्वायनसचे उत्तर वाचनात आले : मित्रासाठी मित्राच्या मुलांवर प्रेम. तेव्हा वाटले की सर त्या मुलीला शिकवत होते, ते त्या मैत्रीलाच जागत होते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवण्यातली ती माया स्टॉर्गेचीही होती. शब्द वेगळे करता येतात, आणि ते करावेत. त्यामुळे आपण कोठे कमी पडतो हे दिसते. फिलिया आटली तेव्हा अगापेने काम चालू ठेवायचे असते, आणि भले इच्छिणे केवळ कर्तव्य होऊन कोरडे पडू लागले की जुन्या मिठाची आठवण त्याला ओल देते.

दोघांची मते शेवटपर्यंत जुळली नाहीत. काही वर्षांनी बोलणे मात्र पुन्हा सुरू झाले, आणि सर गेले तेव्हा ते कन्नड शिक्षक दिवसभर त्यांच्या घरी बसून होते. ती मुलगी पुढे स्वतः शिक्षिका झाली. आज ती या सभागृहात बसली आहे. तिच्या परवानगीनेच हे सांगितले. भाषणाआधी मी तिला विचारले की तो कागद तिला आठवतो का. तिने तो जपून ठेवला आहे.

व्याख्यानाच्या निमित्ताने या शाळेने मला पुन्हा सरांच्या वर्गात बसवले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.